पेडल दाबलं की आधी नुसतं गुरगुरतं, मग एकदम सुसाट: वारशाने आलेल्या शिलाई मशीनचा वेग ताब्यात आणताना

तक्रार जवळजवळ ठरलेली असते. आजीचं किंवा मावशीचं विजेवर चालणारं जुनं मशीन घरात येतं, पुसूनपासून टेबलावर बसतं आणि पहिल्याच शिवणीला कळतं की पेडल अर्धं दाबेपर्यंत ते नुसतं गुरगुरतंय. आणखी जरा दाबलं की असं सुटतं, की कापड हातात राहत नाही. सावकाश चार टाके घालणं जमतच नाही. मग कोणी पंख्याचा रेग्युलेटर जोडायला सांगतं, कोणी दणकट मोटर बसवायला. ज्यांचा गुडघा साथ देत नाही किंवा ज्यांना पाय वापरताच येत नाही, त्यांचा पेच दुहेरी असतो. आधीच लहरी झालेलं मशीन आता हाताने किंवा कोपराने चालवायचं कसं?

बदल जरूर करता येतात. पण आधी दोष शोधायचा आणि मग बदल करायचा, हा क्रम उलटा झाला की पैसे जातात आणि मशीन तसंच राहतं. शिवाय एक अट कुठल्याही परिस्थितीत सोडायची नाही: पाय, गुडघा, कोपर, ज्याने म्हणून तुम्ही मशीन चालवत असाल ते उचललं की मशीन आपोआप थांबलंच पाहिजे. ही अट पाळणारा प्रत्येक उपाय विचारात घ्या. न पाळणारा कितीही स्वस्त आणि सोपा असला तरी सोडून द्या.

उडी का बसते

या मशीनवर मागे लटकवलेली छोटी मोटर युनिव्हर्सल प्रकारची असते, मिक्सरमध्ये आणि ड्रिलमध्ये असते तीच जात. तिला स्वतःचा असा ठरलेला वेग नसतो. भार वाढला की ती मंदावते, भार हलका झाला की पळत सुटते. थांबलेलं मशीन पहिल्यांदा हलवायला जास्त जोर लागतो आणि एकदा हललं की बराच कमी. म्हणजे सुरुवातीचा अडसर मोडण्यासाठी तुम्ही पेडल जेवढं दाबलं, तेवढं पुढच्याच क्षणी फार जास्त होतं. पाय मात्र अजून तिथेच असतो. मशीन जितकं आखडलेलं, तितकी ही उडी मोठी. पेडल कितीही चांगलं आणलं तरी आखडलेल्या मशीनवर ते उडीच मारणार. म्हणून तपासणीची सुरुवात वरच्या लोखंडी धडापासून करायची, पेडलपासून नाही.

आधी धड

प्लग भिंतीतून काढा. पेडलवरून पाय काढला म्हणजे वीज बंद झाली, असं समजू नका. जुन्या जोडणीत पेडल दोनपैकी एकच तार तोडतं. दोन पिनांचा प्लग उलटा बसला असेल तर तुटते ती न्यूट्रल, आणि मोटरपर्यंत फेज पोचलेलीच असते. मशीन शांत उभं असतं, पण आतून जिवंत.

आता पट्टा उतरवा, सुई आणि बॉबिन काढा, दाबपट्टी (सुईपाशी कापड दाबून धरणारा भाग) वर करा आणि हाताचं चाक आपल्या बाजूला फिरवा. दोन बोटांनी फिरलं पाहिजे. कसं अडतं त्यावरून बरंच कळतं. फेऱ्यात एकाच जागी अडत असेल तर बहुधा शटलच्या मागे दोऱ्याचा तुकडा गुंतलेला असतो. वर्षानुवर्षांचा सुताचा भुगा आणि तेल दाबून दाबून तिथे नमद्यासारखा थर झालेला असतो. चिमट्याने उचकटला की सबंध चकती निघते आणि तिच्यात तीन-चार रंगांचे दोरे दिसतात. पूर्ण फेऱ्यात सारखंच जड लागत असेल तर तेल वाळलंय. पितळी-पिवळसर, नखाने खरवडलं तर लाखेसारखं निघणारं तेल दिसलं की खात्री झाली. हे बहुतेकदा मशीनला खायचं तेल घातल्याचं फळ असतं. घरात तेच हाताशी असतं, कोणाला दोष द्यायचा?

उपाय जुनाच आहे. हलणाऱ्या प्रत्येक सांध्यात रॉकेलचे थेंब सोडायचे, चाक हाताने फिरवत राहायचं, रात्रभर ठेवायचं, काळं निघालेलं पुसायचं, पुन्हा थेंब. सांधे मोकळे झाले की शिलाई मशीनचं पातळ तेल. खालच्या बाजूचे सांधे विसरू नका, मशीन मागे कलंडवल्याशिवाय ते दिसत नाहीत. एखादा सांधा अगदीच हटून बसला तर रॉकेल उडून गेल्यावर केस वाळवायच्या यंत्राने जरा कोमट करा, वाळलेलं तेल सैल होतं. रॉकेल पूर्ण उडून जाईपर्यंत प्लग लावायचा नाही. आणि साफसफाईच्या उत्साहात काळ्या रंगावर, सोनेरी नक्षीवर स्पिरिट फिरवू नका. त्या नक्षीवरचा जुना लाखेचा हात स्पिरिटमध्ये विरघळतो आणि नक्षी फडक्यावर येते.

एक छोटी चाचणी इथेच करून घ्या. बॉबिन भरताना जो मधला गोल नट सैल करतो, तो सैल करा आणि चाक एकटं फिरवा. चाक एकटंच जड असेल तर त्याच्या बुशिंगला तेल हवं. चाक भिरभिरत असेल आणि नट आवळल्यावर जड होत असेल तर अडचण आतल्या यंत्रणेत आहे. नट पूर्ण उघडलात तर आतला कान असलेला वॉशर कसा बसला होता त्याचा फोटो काढून ठेवा. तो उलटा बसला तर नट आवळूनही चाक सुईला फिरवत नाही, किंवा नट सैल करूनही सुई थांबत नाही. जुळलं नाही तर वॉशर अर्धा फेरा फिरवून बसवायचा.

मग पट्टा. मधोमध बोटाने दाबला तर साधारण एक सेंटिमीटर दबला पाहिजे. घसरतो म्हणून कचकचून ताणलेला पट्टा मोटरच्या बेअरिंगवर ओझं टाकतो आणि सुरुवातीचा अडसर वाढवतो, म्हणजे पुन्हा तीच उडी. घसरणारा पट्टा ताणण्याऐवजी बदलावा.

एवढं करूनच पुष्कळ मशीनं वठणीवर येतात. बाकीच्यांसाठी पुढचं.

वीज: इथे घाई नको

मोटरवरची माहितीची पट्टी वाचा. ११० व्होल्टची मोटर २२०-२४० व्होल्टवर लावली तर ती सुसाट पळेल, तापेल आणि जळेल. ‘मशीन फार जोरात चालतं’ या तक्रारीचं हेही एक कारण असतं. पट्टीवर ११० व्होल्ट आणि ०.७ ॲम्पिअर लिहिलं असेल तर गुणाकार ७७ येतो. सुरू होताना मोटर याहून जास्त वीज ओढते, म्हणून ट्रान्सफॉर्मर १५० व्होल्ट-ॲम्पिअरचा किंवा वरचा घ्यावा. तो खरा तांब्याच्या वेटोळ्यांचा, वजनदार असावा. प्रवासात केस वाळवायचं यंत्र चालवण्यासाठी मिळणारे हलके कन्व्हर्टर यासाठी नाहीत. ट्रान्सफॉर्मर आधी आणि वेगाचं नियंत्रण त्याच्या पुढे, मशीनच्या बाजूला, हाच क्रम ठेवायचा. नियंत्रण ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे लावलं तर तुकड्यातुकड्याने मिळणारी वीज ट्रान्सफॉर्मरलाच तापवते.

त्यानंतर तारा. जुन्या तारांचं रबर वरून ठीक दिसतं, पण जिथे वायर मोटरमध्ये किंवा पेडलमध्ये शिरते तिथे हलकेच वाकवून पाहा. भेगा पडल्या, चुरा पडला की तिथेच थांबायचं. काळी चिकटपट्टी गुंडाळणं हा उपाय नव्हे, वायर पूर्ण बदलायची. या मशीनना बहुतेकदा अर्थिंग नसतं आणि तुमचे दोन्ही हात उघड्या लोखंडावर असतात. विजेच्या कामाची माहिती असलेल्या माणसाकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (वीज गळते का ते तपासणाऱ्या मीटरने) तार आणि लोखंडी अंग यांच्यातला रोध मोजून घ्या. तो किमान एक मेगओम हवा. मशीन ज्या पॉइंटवर चालवणार तिथे ३० मिलीॲम्पिअरचा गळती-संरक्षक (आरसीसीबी, वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असावा. अंगाला मुंग्या आल्यासारखं वाटलं तर ‘जुनं मशीन आहे, थोडं चालायचंच’ असं म्हणू नका. ते मशीन त्या क्षणापासून बंद.

मोटरमधले कार्बन ब्रश झिजून आखूड झाले असतील तर मोटर कधी चालते, कधी नाही. ब्रश काढताना कुठला कुठल्या बाजूचा आणि वाकडी कड कुणीकडे, ते लिहून ठेवा. ते घासून घासून त्या जागेच्या आकाराचे झालेले असतात. चालताना बारीक निळसर ठिणग्या चालतील. मोटरच्या आत ब्रश ज्या फिरत्या गोल भागावर टेकतात, त्याभोवती आगीचं कडं दिसलं तर मोटर दुरुस्तीला. पट्टा काढून मोटर एकटी चालवायची असेल तर दोन-तीन सेकंदच, तीही पेडल जेमतेम दाबून, कारण भार नसला की ही जात बेफाम पळते.

सिंगरच्या २०१-२ किंवा १५-९१सारख्या मॉडेलमध्ये पट्टाच नसतो. मोटर खांबालाच जोडलेली असते आणि दातेरी चाकांनी मशीन फिरवते. त्यांच्या तारा मोटरच्या आत खोलवर कुजतात. ते काम घरच्या टेबलावर करायचं नाही.

पेडलच्या पोटात

जुनी पेडलं मुख्यतः दोन प्रकारची. एकात रोधक तारेचं वेटोळं असतं आणि दाबत जाल तसे एकेक टप्पे जोडले जातात. वेग पायऱ्यापायऱ्यांनी वाढत असेल, मध्ये एखादी पायरी गायब असेल, तर हा प्रकार आणि तिथला संपर्क काजळलेला. पितळी टोकं बारीक पॉलिश कागदाने साफ करून पाहा.

दुसरा प्रकार कार्बनच्या चकत्यांचा, आणि आपली ‘आधी काही नाही, मग सगळं’ ही तक्रार पेडलमध्ये असलीच तर बहुधा इथली. झाकण उघडलं की पांढरा चिनीमातीचा ठोकळा दिसतो. त्यात समांतर भोकं आणि भोकांत एकावर एक रचलेल्या पातळ काळ्या चकत्या, टोकाला जाडसर कार्बनची गुंडी. पेडल दाबलं की रास दाबली जाते, चकत्या एकमेकींना घट्ट टेकतात आणि वीज वाहणं सोपं होतं. अगदी शेवटी एक पितळी पट्टी सगळी रासच ओलांडून थेट जोडणी करते. तोच पूर्ण वेग. वर्षानुवर्षं ठिणग्या खाऊन चकत्या झिजतात, काहींचा चुरा होतो, रास आखूड होते. मग पेडलचा निम्मा प्रवास पोकळीत जातो आणि उरलेल्या निम्म्यात सगळा वेग कोंबला जातो. हळू चालवायची जागाच संपलेली असते.

प्लग काढलेला असताना ठोकळा कागदावर तिरका करून चकत्या क्रमाने ओघळू द्या. तुटक्या बाजूला, शाबूत वेगळ्या. राख झटकून, कोरड्या फडक्याने पुसून त्याच क्रमाने परत भरा आणि टोकाचा संपर्क स्क्रूने आत घेऊन रिकामी जागा भरून काढा. जागा भरताना लोभ नको. रास फार आवळली गेली तर पेडल मोकळं असतानाही थोडी वीज जात राहते, मोटर नुसती गुणगुणते आणि आतल्या आत भाजत राहते. मीटरवर पाहा: पेडल मोकळं तर जोडणी पूर्ण तुटलेली हवी. दोन्ही भोकांत चकत्या सारख्या असाव्यात. पेडलमध्ये राखाडी, तंतुमय पुठ्ठ्यासारखा तुकडा दिसला तर तो खरवडू-फुंकू नका. त्या काळी उष्णता अडवायला ॲस्बेस्टॉस सर्रास वापरत. असं पेडल बंद करून नवं घेणं शहाणपणाचं.

आणि ज्यांचं मशीन पेडलला हातही न लावता, प्लग घातला की स्वतःच चालू होतं, त्यांनी कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा छोटा सुटा भाग, बघावा. रेडिओतली खरखर थांबवण्यासाठी काही पेडलांत तो संपर्काला समांतर जोडलेला असतो. जुना कागदी कपॅसिटर आतून शॉर्ट झाला की विजेला पेडलची गरजच उरत नाही. दोरा ओवताना असं मशीन सुरू झालं तर सुई बोटातून आरपार जाते. तिथे नवा घालायचा तर त्यावर एक्स-२ हा सुरक्षिततेचा वर्ग छापलेला हवा. तार आणि लोखंडी अंग यांच्यामध्ये असेल तर वाय-२. साधा कपॅसिटर कितीही त्याच मापाचा मिळाला तरी तिथे नको.

आता बदल

पंख्याचा रेग्युलेटर किंवा दिव्याचा डिमर का नको? एक तर ते या मोटरसाठी बनवलेले नसतात. पण खरं कारण वेगळं: ते जिथे फिरवाल तिथेच राहतात. बोट सुईखाली गेलं, कापड गुंतलं, मूल मध्ये आलं, तरी मशीन चालतच राहतं. मोठी मोटर बसवण्याचा सल्लाही मला मान्य नाही. आखडलेल्या यंत्राला जास्त जोराची मोटर लावली की ती अडसर मोडतेच, कधी सुईसकट.

सर्वांत सरळ बदल म्हणजे जुनं पेडल जपून ठेवून नवं इलेक्ट्रॉनिक पेडल जोडणं. व्होल्ट मोटरच्या पट्टीशी जुळणारे आणि ॲम्पिअर मोटरपेक्षा जास्त, एवढं पाहून घ्या. मंद वेगावर मोटर जरा गुंजेल, ते चालतं. याचा एक फायदा असा की दांडी किती खाली जाईल ते पेडलखाली रबराचा तुकडा चिकटवून रोखता येतं आणि कमाल वेग आपोआप मर्यादित होतो. शिकाऊ माणसाला आणि थरथरत्या पायाला हे फार उपयोगी. कार्बन किंवा तारेच्या पेडलवर मात्र ही युक्ती करू नका. ती पेडलं वेग कमी करतात म्हणजे उरलेली वीज उष्णतेत उडवतात. अर्धवट दाबलेल्या अवस्थेत तासभर ठेवली तर भाजण्याइतकी तापतात.

वेग कायमचा कमी हवा असेल तर मोटरवरची पुली लहान करा. टाके हळू पडतात आणि जाड कापडात उलट जोर वाढतो. विजेने वेग कमी केला की जोरही जातो, तसं इथे होत नाही.

पाय खाली टेकवता येत नसेल पण मांडी आडवी हलवता येत असेल, तर गुडघ्याचा दांडा उत्तम. जुन्या सिंगर ९९सारख्या मशीनबरोबर वाकवलेला दांडा मुळातच यायचा, पेटीच्या उजव्या बाजूच्या भोकात अडकवायचा आणि गुडघ्याने उजवीकडे रेटायचा. पेटीच्या तळाशी असा दांडा गंजून पडलेला असण्याची शक्यता आहे, आधी शोधा. नसेल तर पेडल टेबलाच्या आतल्या बाजूला उभं बसवता येतं. मात्र स्क्रू टेबलाच्या लाकडात मारा. मशीनच्या ओतीव लोखंडाला भोक पाडू नका, ते ठिसूळ असतं आणि ती चूक परत घेता येत नाही. पेडलची हवा जायची फट झाकली जाऊ नये आणि स्प्रिंग स्वतःच्या बळावर परत आली पाहिजे. उभ्या पेडलची दमलेली स्प्रिंग हमखास अर्ध्यात अडकते.

चाकाच्या खुर्चीवरून शिवायचं असेल किंवा पाय अजिबात वापरायचे नसतील तर पेडल टेबलावर, कोपराखाली. इथला धोका चालवताना नसतो, थांबल्यावर असतो. दोरा ओवायला पुढे वाकलं की कोपर नकळत पेडलवर टेकतं. म्हणून दोन गोष्टी हव्यात: पेडल घसरू न देणारी पट्टी किंवा शिकंजा, आणि हाताच्या टप्प्यात दोन्ही तारा तोडणारा एक स्विच. सुईजवळ बोट नेण्याआधी स्विच बंद, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. वायर खुर्चीच्या चाकाखाली येणार नाही अशी टेबलाच्या पायाला बांधून न्या.

हाताचा दांडा हा माझा आवडता बदल, जिथे बसतो तिथे. वीजच नाही, म्हणजे वरची निम्मी काळजी मिटली. पण दोन अटी. खांबावर मोटर अडकवायची उंचवट्याची जागा आणि स्क्रूचं भोक असलं पाहिजे, आणि चाक आरे असलेलं हवं, कारण दांड्याची जीभ दोन आऱ्यांमध्ये अडकून चाक फिरवते. मोटरवाल्या मशीनचं चाक बहुधा भरीव असतं, तेव्हा चाकही बदलावं लागतं. उजवा हात दांड्यावर जातो आणि कापड एकट्या डाव्या हाताने सांभाळायचं, हे आधी मनाशी पक्कं करा. सरळ शिवणीला मजा येते. बाही जोडताना नाही.

काढलेला प्रत्येक भाग, वॉशर आणि स्क्रूसुद्धा, चिठ्ठी लावून डब्यात ठेवा. उद्या घरातल्या दुसऱ्या कोणाला हे मशीन पायाने चालवायचं असेल.

पहिल्यांदा चालवताना

सुई आणि दोरा न लावता, दाबपट्टी वर ठेवून सुरू करा. नवं नियंत्रण हळूच दाबा, पूर्ण सोडा. पुन्हा दाबा, एकदम सोडा. मुद्दाम कडेवर दाबा, वाकडं दाबा, बाहीची कड त्यात अडकते का पाहा. प्रत्येक वेळी गुणगुण पूर्ण थांबली पाहिजे. चाकाने स्वतःच्या वेगात एखादा फेरा जास्त घेतला तर चालेल. मग पंधरा मिनिटं थांबत-थांबत चालवून पेडल आणि मोटर हाताला किती लागतात ते पाहा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर प्लग काढा. त्यानंतर सुई घालून सुती कापडाचे दोन पदर, मग चार. जाड पदरावर चढताना मशीन अडखळलं तर पेडल आणखी दाबू नका. उजव्या हाताने चाकाला आपल्या बाजूला हलका रेटा द्या आणि सुई पार झाली की पुन्हा पेडलवर या.